गड्ड्यातला गाळा: सहा मीटरच्या पाइपातून, सुट्या भागांचा

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात होम मैदानावर सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा, म्हणजे यात्रेतला बाजार, भरतो, तेव्हा चादरी, बांगड्या, खेळणी, शेंगा चटणी असं सगळं शेजारी शेजारी मांडलेलं असतं. बरेच गाळे बांबू, सुतळी आणि ताडपत्रीचेच. त्यात वाईट काही नाही, पण दर वर्षी नवे बांबू, नवी ताडपत्री आणि आठवडाभराची मजुरी लागते. बचत गट, व्यापारी संघटना किंवा मंडप कंत्राटदार यांना तोच गाळा गड्ड्याला, पंढरीच्या वारीला आणि दिवाळीच्या बाजाराला वापरायचा असेल, तर सुट्या भागांचा लोखंडी गाळा परवडतो. तो कसा आखायचा, पाइप कसे कापायचे, वाऱ्यात कसा टिकवायचा आणि कुठे फसतो, ते इथे दिलं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून टाका. असा गाळा उभा असताना क्वचितच मोडतो. तो मोडतो उतरवताना आणि टेम्पोत भरताना. रात्री उशिरा, दमलेली पोरं, हातात हातोडा, पाना हरवलेला. म्हणून प्रत्येक सांध्याला एकच प्रश्न विचारायचा: हा अंधारात, एका पान्याने, न ठोकता सुटेल का? सुटणार नसेल तर सांधा बदला, मग तो कितीही मजबूत असो.

माप पाइपावरून काढा

लोक आधी गाळ्याचं माप ठरवतात, दहा बाय दहा, आणि मग पाइप आणतात. दहा फुटांचे दोन तुकडे वीस फुटी पाइपातून निघतील असा हिशेब असतो. पण बाजारातला पाइप बहुधा ६ मीटरचा, म्हणजे १९ फूट ८ इंच असतो. दुसरा तुकडा चार इंच कमी भरतो आणि तिथून जोड-वेल्डिंग सुरू होतं. पाइप घेतानाच टेप लावून पाहा, आणि कामाची सगळी मापं मिलिमीटरमध्ये लिहा. फूट-इंच आणि मिमी एकाच कागदावर आले की वर्कशॉपमध्ये घोळ ठरलेला.

६००० मिमीच्या पाइपात बसणारा गाळा साधारण आठ फूट रुंद आणि सहा फूट खोल असतो. चौकटीला ३८×३८×२ मिमीचा चौकोनी एमएस (माइल्ड स्टीलचा) पाइप घ्या. प्रत्येक कापात चकती ३ मिमी खाते हे धरून कापणी अशी:

- दोन पाइप: २३९० + १७९५ + १७९५
- एक पाइप: २०९५ + २०९५ + १७९५
- दोन पाइप: २३९० + २३९० + १२००

एकूण पाच पाइप. त्यातून २३९० चे सहा तुकडे मिळतात: मागचे दोन खांब आणि चार आडव्या, म्हणजे आडवे पाइप (पुढची वरची, मागची वरची, मागची मधली, मागची खालची). २०९५ चे दोन म्हणजे पुढचे खांब. १७९५ चे पाच, त्यातले चार दोन्ही बाजूंच्या खोलीच्या आडव्या. पाचव्यातून काउंटरचे दोन पाय निघतात. १२०० चे दोन तुकडे मागच्या चौकटीत तिरके टेकू म्हणून लागतात. भंगारात जवळजवळ काही जात नाही.

छपरासाठी २५×२५×१.६ मिमीचे तीन पाइप. दोन पाइप मधोमध कापून २९९० चे चार वासे. तिसऱ्यातून पुढची पागोळीची आडवी, सुमारे २४३० ची, आणि मागच्या बाजूचा मधला उभा. त्याची लांबी मागची चौकट प्रत्यक्ष जोडून घ्या, ती २२०० च्या आसपास येते.

खांब, आडव्या, वासे, फळ्या आणि पायांच्या पाट्या धरून एका गाळ्याचं वजन १३५ ते १४५ किलो होतं. सर्वांत जड पाइप साडेपाच किलोच्या आत राहतो, म्हणजे उभारणीला ताकद लागत नाही, डोकं लागतं.

पुढे उतार, मागे उंच

दुकानदाराला गाळा पुढून उंच हवा असतो, कारण तो लांबून मोठा दिसतो. गड्ड्याला मात्र उलटा उतार घ्या: मागचे खांब २३९०, पुढचे २०९५. याची तीन कारणं आहेत.

पहिलं ऊन. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवर असतो, डोक्यावर नसतो. वासे पुढच्या खांबाच्या बाहेर १०८० मिमीच्या आसपास येतात आणि पागोळीची कडा जमिनीपासून सुमारे १९२० मिमीवर राहते. दक्षिणमुखी गाळ्यात त्या वेळी सावली खांबाच्या रेषेवर ५९० मिमीपर्यंत उतरते. काउंटर ७५० वर असल्याने त्यावरचा माल पूर्ण सावलीत राहतो. पुढची बाजू उंच ठेवली असती तर उन्हात चादरीचा रंग उडाला असता आणि चटणीच्या पाकिटात तेल सुटून ती खवट झाली असती.

दुसरं, पाठीला पाठ लावून दोन गाळे उभे केले की मध्ये आढं तयार होतं आणि एकच ताडपत्री दोघांवरून जाते. पुढे उंच ठेवलं तर त्याच जागी पन्हळ होते, आणि अवकाळी पावसाचा एक शिडकावा आला तरी सगळं पाणी दोघांच्या मालावर.

तिसरं कारण वाऱ्याचं: वाऱ्यात टिकायला गाळे असेच पाठीला पाठ जोडावे लागतात. त्याचा हिशेब पुढे येईल.

१९२० म्हणजे सव्वासहा फुटांहून थोडं जास्त. उंच गिऱ्हाइकाला पागोळी जवळ वाटेल, पण डोकं लागत नाही. नावाची पट्टी २५० मिमी उंचीची करून पुढच्या वरच्या आडवीखाली लावा, तिचा तळ सहा फुटांवर येतो. छपरावर उभी पाटी लावायचा मोह टाळा, ती वाऱ्याला शीड देते.

सांधा

खांबांवर ३२×३२×२ च्या पाइपाचे ८० मिमी लांबीचे खुंट वेल्ड करायचे आणि ३८ ची आडवी त्यांवर सरकवायची. ३८ च्या पाइपाचं आतलं माप ३४ मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून २ मिमी मोकळीक. ही मोकळीक ऐषाराम नाही. पाइपाच्या आत वेल्डिंगची शिवण असते आणि खुंटावर पावडर कोटिंगचा थर चढतो. मोकळीक कमी असेल तर कोरा असताना बसलेला सांधा रंगानंतर अडकतो, मग हातोडा येतो, पाइपाचं तोंड फाकतं आणि पुढच्या वर्षी तो कुठेच बसत नाही. ४० च्या पाइपात ३२ चा खुंट घातला तर ४ मिमी मोकळीक होते आणि गाळा डुलतो. पाइप घेताना दोन्हींचे हातभर तुकडे नेऊन दुकानातच सरकवून पाहा, शिवण कोणत्या बाजूला येते तेही बघा.

प्रत्येक टोकाला १० मिमीचा एकच बोल्ट, ६० मिमी लांब, आरपार. भोक ११ मिमीचं, टोकापासून ४० मिमीवर. हाताच्या ड्रिलने दोन्ही भिंतींतली भोकं समोरासमोर येत नाहीत, तिरपी जातात. त्यासाठी पाइपावर बसणारी खोबण आणि तिच्यात टणक बुश (ड्रिलला सरळ वाट देणारी नळी) असलेली जिग, म्हणजे साचा, करून घ्या. दहा गाळ्यांच्या कामात तिचा खर्च पहिल्या दिवशीच निघतो. खुंट वेल्ड करतानाही खांब जिगमध्ये आवळलेला हवा. आधी सगळीकडे टाका (वेल्डचा छोटा ठिपका) मारायचा, मग आळीपाळीने वेल्ड. एका बाजूने सलग वेल्ड ओढलं की खांब त्या बाजूला धनुष्यासारखा वाकतो.

बोल्ट एकाच दुकानातून, एकाच प्रकारचे. १० मिमीच्या बोल्टचं डोकं काही बनावटींत १७ चं असतं, काहींत १६ चं. मिसळले की एका पान्याचं काम दोन पान्यांचं होतं आणि पोरगा पकड वापरून डोकी गोल करतो.

आडव्यांवर काही वेल्ड करू नका. २३९० ची कोणतीही आडवी कुठेही बसली पाहिजे, तसंच १७९५ चं. फरक फक्त खांबांत राहतो: डावा, उजवा, पुढचा, मागचा. डावे खांब तांबड्या पट्ट्याचे, उजवे हिरव्या. अक्षरं लिहू नका. सोलापुरात उभारणीला येणाऱ्यांत मराठी, कानडी, तेलुगू बोलणारे एकत्र असतात आणि ‘डा’ लिहिलेला खांब रात्री दिव्याखाली कुणीच वाचत नाही. पट्टा उडतो, म्हणून त्याखाली पंचने एक किंवा दोन ठिपके ठोकून ठेवा.

सांध्यात मोकळीक असल्याने चौकटीला तिरका आधार लागतोच. मागच्या बाजूला १२०० चे दोन टेकू, खालच्या आडवीपासून खांबाकडे ४५ अंशांत. बाजूंना ४ मिमी वायर रोपची फुली, टर्नबकल (तार आवळायचा पेच) लावून. फुली नसलेला गाळा समोरून नीट दिसतो, पण गर्दी काउंटरवर रेलली की मागे झुकतो.

पाय

मैदान सपाट दिसतं, पण आठ फुटांत दोन-तीन इंचांचा फरक सहज निघतो. विटांचे तुकडे घालून लेव्हल काढलेला गाळा आठवड्याभरात खचतो. २००×२००×६ मिमीच्या पाटीवर ३२ चा ४५० मिमी उंच खुंट उभा वेल्ड करा, त्याला २५-२५ मिमीवर ११ मिमीची भोकं पाडा. खांब त्यावर बसतो आणि पिन हव्या त्या भोकात घातली की १५० मिमीपर्यंत उंची जुळते. पिनला साखळी लावून ती पाटीलाच वेल्ड करा. साखळी नसलेली पिन मैदानावरच राहते. पाटीला कोपऱ्यांत १८ मिमीची दोन भोकं ठेवा, गरज पडल्यास त्यांतून खुंटी ठोकता येते.

वारा आणि वजन

जानेवारीतल्या सोलापूरला पावसाची भीती फारशी नसते. भीती वाऱ्याची आणि धुळीची. इथे अंदाज चालत नाही.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५४ किमीला तो दर चौरस मीटरला सुमारे १४ किलो असतो, ७२ ला सुमारे २४. वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला, दाब पावणेदोन पट झाला. समोरून वारा आत शिरला की तो पाठीच्या पडद्याला ढकलतो आणि छपराला उचलतो, दोन्ही एकाच दिशेने गाळा उलथवायला बघतात. ५४ किमीच्या वाऱ्यात मागच्या पडद्यावर ९० किलोच्या आसपास जोर आणि छपरावर जवळजवळ १०० किलोची उचल येते. रिकाम्या गाळ्याचं वजन १४० किलो. दीडपट सुरक्षितता धरली तर एकट्या गाळ्याच्या पुढच्या दोन पायांवर प्रत्येकी ७० किलो वजन ठेवावं लागतं. मागच्या पायांवरही तेवढंच ठेवा, वारा दिशा विचारून येत नाही.

तेच दोन गाळे पाठीला पाठ जोडले की हिशेब पार बदलतो. पडदा एकच, वजन दुप्पट, आणि पायांमधलं अंतर पावणेदोन मीटरचं पावणेचार मीटर होतं. गणिताने चारही बाहेरच्या पायांवर २५-२५ किलो पुरतं. प्रत्यक्षात ४० ठेवा, कारण धुळीवर पाटी घसरते आणि घसरण थांबवायला वजनच कामी येतं. म्हणून नियम एकच: गाळे नेहमी जोडीने उभारा. मागचे खांब १० मिमीच्या १०० लांब बोल्टने प्रत्येकी दोन ठिकाणी जोडायचे. एकटा गाळा उभा करावाच लागला तर वजनाबरोबर पाटीतून १६ मिमी सळईच्या ६०० लांबीच्या खुंट्याही ठोका. त्याआधी जमिनीखाली पाण्याची लाइन किंवा केबल आहे का, हे जागेच्या मालकाकडून लेखी घ्या.

वजनासाठी सिमेंटची रिकामी पोती सर्वांत सोपी. पोत्यात पूर्ण भरून पन्नास किलोच्या वर वाळू मावते, पाऊण भरली की चाळीस. पोतं पाटीवर ठेवून खांबाला बांधा, नुसतं शेजारी ठेवलेलं पोतं उचल अडवत नाही. उन्हात ही पोती दोन-तीन आठवड्यांत विरतात, म्हणून एकात एक दोन घाला. पाण्याचे २० लिटरचे कॅन दिसायला नीटनेटके, पण कुणीतरी ते प्यायला, धुवायला उचलून नेतो. वजन गेलेलं कुणाच्या लक्षातही येत नाही.

७२ किमीच्या वाऱ्याला जोडीलाही दर पायी १०० किलो लागेल. तेवढं वाहण्यापेक्षा पडदा आणि ताडपत्री झटकन सुटतील अशी बांधा. चौकट एकटी राहिली की वाऱ्याला धरायला काही उरत नाही. विजेच्या तारा शिट्टी घालू लागल्या, छत्री धरवेना, की वारा ताशी ४० च्या वर गेला असं समजा आणि मागचे पडदे खाली घ्या. वाऱ्याला तोंड देऊन चालणं जड झालं की छपरंही. हा निर्णय दुकानदारावर सोडू नका. गिऱ्हाईक समोर असताना तो पडदा काढणार नाही. प्रत्येक रांगेसाठी एक माणूस ठरवून द्या.

ताडपत्री

२०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम) एचडीपीई प्लास्टिकची ताडपत्री जोडीला एक, लांबी १९ फूट, रुंदी ९ फूट. दोन्ही उतार मिळून लांबी १९ फूट ७ इंच होते. ताडपत्री मुद्दाम कमी घ्यायची, म्हणजे पागोळीच्या आडवीला इलास्टिकच्या फाशाने ताण देता येतो. सुतळीने घट्ट बांधलेल्या ताडपत्रीचा प्रत्येक झटका थेट रिंगेवर येतो आणि रिंग फाटून निघते. इलास्टिक तो झटका खातो. रिंगा ४५० मिमीवर हव्यात, तयार मालात त्या एकमेकींपासून मीटरभर दूर असतात, मधल्या ठोकून घ्या. रुंदीत दोन्हीकडे पाच इंच जास्त येतात, शेजारच्या जोडीवर चढवायला तेवढेच लागतात.

हेच गाळे आषाढीला पंढरपुरात न्यायचे असतील तर वाशांवर आडव्या तीन पट्ट्या ओढून घ्या. चार वाशांमध्ये ८०० मिमीची जागा असते, तिथे ताडपत्री झोळ धरते आणि पाणी साचतं. एका चौरस मीटरवर सेंटिमीटरभर पाणी म्हणजे १० किलो, आणि झोळ जितका खोल तितकं पाणी जास्त येतं. काठीने पाणी उडवायची वेळ आली की ताण चुकलाय असं समजा.

आतली मांडणी

चौकट सगळ्यांची सारखी, आत काय बसतं ते मालावर ठरतं. प्लायवूड १२ मिमीचं, बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचं, ८×४ ची शीट. एका शीटमधून ११९०×४०० च्या सहा फळ्या निघतात, एक माणूस दोन-तीन फळ्या काखेत घेऊन जातो. मधला उभा पाइप असतो तो यासाठीच: १२ मिमीची फळी अडीच मीटरवर ठेवली तर चादरींच्या वजनाने खोलगट होते. चादर दीड किलोची धरली तरी पन्नास चादरींचे ७५ किलो, आणि तेवढ्या एका गाळ्यात सहज असतात. जड थर खालच्या फळीवर, ब्रॅकेट प्रत्येक फळीला निदान तीन.

काउंटरला अर्धी शीट पुरते, २३८०×६००. त्यातला १७८० चा तुकडा पक्का: एक टोक बाजूच्या आडवीवर, दुसऱ्याखाली दोन पाय. उरलेल्या ६०० ला बिजागऱ्या लावून उचलती फळी करा. जोडीच्या रांगेत मागून आणि बाजूने वाट नसते, दुकानदार इथूनच आतबाहेर करतो. हे विसरलेल्या गाळ्यांत माणूस दिवसभर काउंटरखालून वाकून जातो आणि तिसऱ्या दिवशी काउंटरच कापून ठेवतो. फळी खाली असताना पूर्ण लांबी मिळते, नव्वद इंची चादर पसरून दाखवता येते.

बांगड्यांच्या गाळ्याला हे काउंटर चालत नाही. कासार बसून बांगड्या भरतो, समोर गिऱ्हाईकही बसतं. त्यांना ४५० मिमी उंचीची बैठक आणि तिच्यापुढे तेवढ्याच उंचीचं बाकडं हवं. चटणी, कडक भाकरी, तीळगुळाच्या गाळ्यात काउंटरवर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा ठोका. शेंगा चटणीचं तेल प्लायमध्ये मुरलं की ती फळी पुढच्या वर्षी चादरवाल्याला देता येत नाही, चादरीवर डाग पडतात. खाद्यवाल्यांच्या फळ्या कायमच्या वेगळ्या, कडेला पिवळा रंग. काउंटरच्या पुढे जमिनीपर्यंत कापडाची झालर हवीच: धूळ वरून कमी आणि पायांखालून जास्त येते. सकाळी वाटेवर पाणी मारून घेतल्याचा उपयोग दुपारपर्यंत टिकतो.

रांग, वाट, आग

रांगा पूर्व-पश्चिम घ्या, म्हणजे गाळ्यांची तोंडं उत्तर-दक्षिणेला येतात आणि संध्याकाळचं आडवं ऊन फक्त टोकाच्या गाळ्याला लागतं. त्याला बाजूचा पडदा द्या.

वाट मोजताना खांबापासून खांबापर्यंत मोजू नका, पागोळीपासून पागोळीपर्यंत मोजा. दोन्हीकडच्या पागोळ्या मिळून २१६० मिमी खातात. नकाशावरची सहा मीटरची वाट वरून पावणेचार मीटरचीच असते, आणि अग्निशमनाची गाडी वरचंच माप बघते. मुख्य वाट पागोळ्यांमध्ये सहा मीटर ठेवा. प्रत्येक पाच जोड्यांनंतर तीन मीटरची फट. ती माणसांना आडवं जायलाही लागते आणि आग पुढे सरकायचीही थांबवते.

तळण, भट्टी, सिलिंडर असलेले गाळे जोडीत कधीच घेऊ नका. पाठीला पाठ असली की सिलिंडर ठेवायला बाहेरची जागा उरत नाही आणि तो काउंटरखाली जातो. त्यांना रांगेच्या टोकाला एकटे उभारा, मागे पत्र्याचा पडदा, वजन ७०-७० किलो, आणि हाताशी ६ किलोचं एबीसी, म्हणजे कोरड्या पावडरचं, अग्निशामक.

वीज

महावितरणची तात्पुरती जोडणी, तिच्यावर ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच). दोन एलईडी ट्यूब, एक बल्ब आणि मोबाइल चार्जर धरून गाळ्याला १०० वॅट पुरतात. वीस गाळ्यांच्या रांगेला दोन किलोवॅट, म्हणजे नऊ ॲम्पिअरच्या आसपास. केबल अडीच चौरस मिमीची, तीन कोअर, आढ्यावरून न्या. फटीवरून नेताना दोन्हीकडे काठी उभी करून पायवाटेवर तीन मीटरच्या वर ठेवा. हीटर किंवा मिक्सर लावणाऱ्यांची लाइन वेगळी.

एक गोष्ट वायरमनही विसरतात. पावडर कोटिंग वीज वाहू देत नाही. एका खांबाला अर्थिंग दिलं म्हणजे पूर्ण गाळ्याला मिळालं असं होत नाही. वेल्डिंगच्या वेळीच प्रत्येक खांबावर एक ८ मिमीचा स्टड लावा, रंगवताना त्याला टेप गुंडाळा, आणि हिरवी वायर खांबाखांबांतून फिरवा.

उभारणी आणि उतरवणी

तीन माणसं लागतात. दोन्ही बाजूंच्या चौकटी जमिनीवर आडव्या जोडा (पुढचा खांब, मागचा खांब, दोन १७९५), पायांच्या खुंटांवर उभ्या करा, मग मागच्या तीन आडव्या आणि शेवटी पुढची. बोल्ट हाताने फिरतील तेवढेच आवळा. आता वरून दोन्ही कर्ण मोजा, खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३०४० मिमीच्या आसपास. दोघांत १० मिमीहून जास्त फरक असेल तर पाय सरकवा. कर्ण जुळले की टेकू, फुली, मग पाना. वासे, वजन, त्यानंतरच ताडपत्री. वजनाआधी ताडपत्री चढवणं हा नेहमीचा घात: रिकामी चौकट आणि वर शीड, एका झुळुकेत कलते.

उतरवताना बरोबर उलटं: आधी ताडपत्री, मगच वजन. रबरी हातोडाच द्या, लोखंडी जवळ ठेवूच नका. अडकलेल्या आडवीला ठोकण्याऐवजी समोरचा खांब थोडा हलवला की ती सुटते. बोल्ट सुटल्या क्षणी त्याच खुंटाच्या भोकात परत घालून नट दोन आटे फिरवा, बोल्ट हरवायचं निम्मं कारण तिथेच संपतं. तरी दहा गाळ्यांमागे वीस बोल्ट आणि चार पिना जादा ठेवा.

छोटा हत्ती टेम्पोचा हौदा सात फुटांच्या आसपास, २९९० चे वासे त्यातून तीन फूट बाहेर लोंबतात आणि खड्ड्यात आपटून टोकं चेपतात. मोठा पिकअप घ्या. तळाला आडव्या, वर खांब, खुंट आतल्या बाजूला, मध्ये जुनी पोती. प्लाय सर्वांत शेवटी, सपाट.

गोदामात पाइप लाकडी ओंडक्यांवर, जमिनीला टेकू नयेत, आणि तोंडांना प्लास्टिकची टोपी. ताडपत्री एक दिवस उन्हात वाळवूनच घडी करा. दमट घडीत काळे डाग पडतात आणि उंदीर तीच आधी कुरतडतात. फाकलेलं तोंड, वाकलेला खुंट किंवा अडकणारा सांधा दिसला की त्या तुकड्याला तिथल्या तिथे पांढरा फटका मारून वेगळा काढा, आणि तो वेल्डरकडे पावसाळ्याआधी पाठवा. वारीच्या आधीच्या महिन्यात मांडवाची कामं सुरू झाली की वेल्डर हाती लागत नाही.